भूमिका क्रमांक चार

कागद-गिरणीच्या कँटीनमागची ती बुटकी खोली.
बाहेर सरोवर गोठलेलं, अडीचलाच दिवेलागण.
आम्ही अकरा पाळीप्रमुख, फुकटची कॉफी,
आणि हेलसिंकीहून आलेली प्रशिक्षक,
जिच्या बुटांवर अजून शहराची चकाकी होती.

तिनं फळ्यावर लिहिलं :
झोप. भूक. चिडचिड. उशीर.
ज्या चुका तो माणूस एरवी करत नाही, त्या.
आम्ही निमूट उतरवून घेतलं,
नव्या बॉयलरची माहिती उतरवून घ्यावी तसं.

आउलिस माझ्या शेजारी, हाताची घडी घालून.
एकतीस वर्षं तीन नंबरच्या मशीनवर.
कागद फाटायच्या आधी
नुसत्या आवाजावरून सांगतो, कुठल्या रोलरपाशी फाटणार.
"माणसांचं अवघड आहे," तो पुटपुटला,
"माणसं कुरकुरत नाहीत, निदान आपल्याकडची."
सगळे हसले. प्रशिक्षकसुद्धा, जरा उशिरा.

मग कार्डं वाटली गेली.
जोडीतला एक प्रमुख, एक कामगार.
मला प्रमुखाचं आलं.
खाली चौकटीत, जी म्हणायची नाहीत ती वाक्यं :
सगळ्यांनाच होतं असं.
चार दिवस रजा काढ, मासे मारून ये.
कामात डोकं घाल, बरं वाटेल.
गेल्या हिवाळ्यात ही तिन्ही मी म्हटली होती,
याच क्रमानं,
ओइवाला.
वसंतात त्यानं काम सोडलं.
का, ते मी विचारलं नव्हतं.

आउलिसनं चष्मा लावून आपलं वाचलं, सुरक्षा-सूचना वाचतात त्या आवाजात :
भूमिका क्रमांक चार.
तुम्ही दोन महिने नीट झोपलेला नाहीत.
घरी कुणाला सांगितलेलं नाही.

"आउलिस," मी सुरुवात केली, उसन्या गंभीरपणानं,
"हल्ली तू गप्प गप्प असतोस."
"दोन महिने," तो म्हणाला.
मग थांबून, "तसं सप्टेंबरपासूनच."

पलीकडच्या टेबलावर राउनो
रडायचं सोंग आणत होता, टिश्यू पेपर वगैरे घेऊन. हशा.

"पहाटे तीनला जाग येते.
गाडीत जाऊन बसतो. चालू करत नाही.
हेल्वीला वाटतं, लवकर कामावर गेलो."

मी कार्डावर पुढचं वाक्य शोधत होते.
शोधता शोधता त्याच्या हाताकडे लक्ष गेलं.
त्याचं कार्ड उलटं झालं होतं.
कोऱ्या बाजूवरून वाचत होता तो.

माझी पाच वाक्यं तोंडाशी आली
आणि पाचही गिळली.
"थंडी वाजत असेल," मी म्हणाले, "गाडीत."
"नाही," तो म्हणाला, "ब्लँकेट ठेवलंय."

प्रशिक्षकानं टाळी वाजवली :
आता भूमिका बदला.
खुर्च्या सरकल्या, कार्डं इकडची तिकडे.
मी हात वर केला. शाळेनंतर पहिल्यांदाच बहुधा.
"आम्हाला अजून वेळ लागेल."
तिनं आमच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं नाही,
आणि बाकीच्यांना कॉफीच्या निमित्तानं
बाहेर घेऊन गेली.

त्यानंतर काय बोललो, ते इथे लिहीत नाही.
बराच वेळ बोललोही नाही.
मधेच त्यानं विचारलं, हे कुणाला कळवावं लागतं का तुला.
मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं.

चार वाजता प्रमाणपत्रं मिळाली, गिरणीच्याच कागदावर.
आउलिसनं प्रकाशाकडे धरून जाडी तपासली,
"दुसऱ्या पाळीचा माल," म्हणाला,
आणि घडी करून खिशात टाकलं.

सोमवारी नऊला तो गिरणीच्या नर्सकडे जाणार आहे.
जाईलच, असं नाही. पण वेळ घेतलीय, दोघांनी मिळून.
तेवढा तास तीन नंबर मी सांभाळायचा.
मला ते आवाज कळत नाहीत म्हटलं, तर म्हणाला,
"फाटला तर फाटू दे. पुन्हा ओवता येतो."

पार्किंगमध्ये मी काचेवरचा बर्फ खरवडला,
आत बसले, गाडी चालू केली नाही.
ओइवाचा नंबर अजून फोनमध्ये आहे.
चौथं वाक्य कुठलं असतं,
कार्डावर नव्हतं.
रिंग जाते आहे.